15 टक्के परताव्याचा प्रस्ताव हातात आलाय, तपासायचा कसा?

आडवाटेचा

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, आता गरजेपोटी लिहितोय.

एका जुन्या सहकाऱ्याने दोन प्रस्ताव आणून दिलेत. त्याला यात कमिशन आहे हे त्याने स्वतःच सांगितलं, त्यामुळे त्याच्याबद्दल तक्रार नाही.

पहिला प्रस्ताव ऑफिसांच्या इमारतीचा. भाडेकरू आत आहेत, भाडं चालू आहे. काही जणांनी मिळून कंपनी काढायची, इमारत विकत घ्यायची, चालवायची जबाबदारी प्रमोटरची, म्हणजे सौदा जुळवणाऱ्याची, आणि पाच वर्षांनी विकून मोकळं व्हायचं. खरे आकडे न देता प्रमाण तेवढं ठेवतो: किंमत 200. त्यात 130 कर्ज, 70 आम्हा लोकांचे. पहिल्या वर्षी निव्वळ भाडं 10, म्हणजे किमतीवर 5 टक्के. कर्जाचा दरही 5 टक्के. भाडं दरवर्षी 4 टक्क्यांनी वाढतं असं धरलंय. पाच वर्षांत 70 चे 135, म्हणजे 1.93 पट, आणि आयआरआर (पैसे कधी गेले, कधी आले हे धरून काढलेला वार्षिक परतावा) 15.2 टक्के.

दुसरा प्रस्ताव खाजगी कर्ज देणाऱ्या फंडाचा. छोट्या धंद्यांना दोन-तीन वर्षांच्या मुदतीने पैसे देतात, आपल्याला दरमहा 1 टक्का. आजवर एकही महिना चुकलेला नाही, तशी यादी दाखवली. 30 दिवसांची नोटीस दिली की पैसे परत.

माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं, एक्सेल नीट येतं. पहिल्याची शीट उघडून बघितली, सगळी सूत्रं बरोबर आहेत. पण नेमकं कुठल्या खान्याकडे बघायचं हे कळत नाही. जाणकारांनी सांगावं.

निर्देशांकी

एवढं विचारावं लागतंय यातच उत्तर आलं. इंडेक्स फंड घ्या, म्हणजे निर्देशांकातले सगळे शेअर जसेच्या तसे घेणारा कमी फीचा फंड, आणि झोपा.

वॉरन बफेंनी लावलेली पैज आठवा. 2008 ते 2017 अशी दहा वर्षं, एका बाजूला एस अँड पी 500 या अमेरिकी शेअर निर्देशांकाचा साधा इंडेक्स फंड, दुसऱ्या बाजूला हेज फंडांत (बड्या गुंतवणूकदारांसाठीच्या, भारी फी घेणाऱ्या फंडांत) पैसे घालणारे पाच फंड, तेही समोरच्या पार्टीने स्वतः निवडलेले. इंडेक्स वर्षाला सरासरी 8.5 टक्क्यांनी वाढला, ते पाच मिळून सरासरी 3 टक्क्यांच्या आसपास. पैजेच्या पहिल्याच वर्षी बाजार कोसळला होता, तरीही. हुशार माणसं दोन्हीकडे होती, फरक फीचा होता. फंडाची फी, त्यावर फंड निवडणाऱ्याची फी.

पर्यायी गुंतवणूक हा पर्याय विकणाऱ्यासाठी असतो.

खोडरबर

निर्देशांकी, पैज खरी आहे आणि फीचा मुद्दाही. पण धागाकर्त्याने ‘घेऊ का’ असं विचारलेलं नाही, ‘तपासू कसा’ असं विचारलंय. न तपासता नाही म्हणणाऱ्याला पुढचा प्रस्तावही तपासता येणार नाही, आणि पुढचा कदाचित सख्खा भाऊ घेऊन येईल.

माझी नोकरी कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात गेली. पार्टीने आणलेल्या प्रोजेक्शनमधले आकडे खोडायचे आणि तिथे आपले घालून बघायचे, एवढंच काम. नाव त्यावरूनच पडलं. तेव्हा त्याच पद्धतीने बघू.

धागाकर्ते, तुमचे आकडे मी शीटमध्ये टाकले. गणित बरोबर आहे. अशा कागदांत गणित चुकत नाहीच. बेरीज चुकणारा माणूस ब्रोशर छापेपर्यंत टिकत नाही. गोम असते ती गृहीत धरलेल्या दोन-तीन आकड्यांत, आणि ते कधीच ठळक टाइपात नसतात.

आधी नफा फोडा. 70 घातले, 135 आले, नफा 65. त्यातले व्याज भागवून भाड्यातून हाती आलेले साधारण 22. उरलेले 43 कुठून आले? पाच वर्षांनी इमारत 243 ला विकली जाईल, या एका ओळीतून. म्हणजे दोन तृतीयांश नफा अशा गिऱ्हाइकाच्या खिशातून यायचाय ज्याचा अजून पत्ता नाही.

हे 243 कसे काढले तेही बघा. सहाव्या वर्षाचं अपेक्षित भाडं 12.17, आणि तो गिऱ्हाईक आजच्यासारखाच 5 टक्के उत्पन्नावर समाधान मानेल असं धरलंय. 12.17 भागिले 5 टक्के. आता त्याने 6 टक्के मागितले तर? इमारत 203 ला जाते. बँक आपले 130 आधी काढून घेणार, तुमच्या वाट्याला 73. आयआरआर 15 वरून 7 च्या खाली येतो. एकच खाना बदललाय, लक्षात घ्या.

आता भाडेवाढ 4 ऐवजी 2 टक्के करा, गिऱ्हाईक 6 टक्केवालाच ठेवा. विक्री 184 ला. पाच वर्षांचं भाडं आणि विक्री सगळं मिळून 70 चे साडेत्र्याहत्तर. आयआरआर 1 टक्क्याच्या आसपास. कोणी भाडेकरू पळाला नाही, छत गळलं नाही, प्रमोटरने एक पैसा खाल्ला नाही, तरी पाच वर्षं बिनव्याजी गेली. आणि यात अजून फी धरलेली नाही.

इथे कर्जाचा हात कळतो. इमारत 200 ची 184 झाली, म्हणजे 8 टक्के उतरली. तुमचे मात्र 70 चे 54 झाले, 23 टक्के. कर्ज चढताना जेवढं मदत करतं तेवढंच उतरताना कापतं, आणि ब्रोशरमध्ये फक्त चढ असतो.

दुसरं म्हणजे, 130 वर 5 टक्क्यांनी 6.5 व्याज, म्हणून पहिल्या वर्षी 3.5 हाती, असं तुमची शीट म्हणते. यात मुद्दल कुठे आहे? हे नुसतं व्याज भरण्याचं कर्ज दिसतंय. हेच कर्ज 25 वर्षांच्या समान हप्त्यांचं असतं तर वर्षाला सुमारे 9.1 भरावे लागले असते आणि हाती एकही उरला नसता, 0.9. दहाला 9.1 ने भागलं की 1.1. आमच्याकडे याला डीएससीआर म्हणतात, कमाई हप्त्याच्या किती पट आहे ते. मी सव्वाच्या खाली सही करत नसे. नुसतं व्याज धरून हेच गुणोत्तर 1.54 दिसतं आणि कागद एकदम तब्येतीचा वाटतो.

दर स्थिर आहे की बदलता, हे विचारलंत का? 7 टक्के झाला तर व्याज 9.1. 8 झाला तर 10.4, म्हणजे भाड्यापेक्षा जास्त. 2022 च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, फेडचा, दर जवळपास शून्य होता, 2023 च्या जुलैत सव्वापाच ते साडेपाच. तिथे बदलत्या दराने कर्ज काढून सामायिक इमारती घेणाऱ्या कितीतरी गटांनी आधी वाटप थांबवलं आणि मग सभासदांना पत्रं पाठवली की अजून पैसे घाला. त्या पत्राला कॅपिटल कॉल म्हणतात. तुमच्या करारात त्याचं कलम असेल. पैसे न भरणाऱ्याच्या हिश्श्याचं काय होतं, ते त्याच कलमात खाली बारीक अक्षरात असतं. ते आधी वाचा, बाकीचा करार मग.

आता फी. ‘खरेदी फी फक्त 2 टक्के’ असं लिहिलेलं असेल तर कशाच्या 2 टक्के ते बघा. सहसा पूर्ण किमतीच्या, म्हणजे 200 च्या. ते झाले 4. तुमच्या 70 वर पावणेसहा टक्के, पहिल्याच दिवशी. त्यानंतर दरवर्षीची व्यवस्थापन फी, विकताना पुन्हा एक, आणि शेवटी नफ्यात वाटा. वाट्याची नेहमीची पद्धत अशी की तुम्हाला आधी 8 टक्के, त्यावरचं 70 तुम्हाला, 30 प्रमोटरला. ते 8 टक्के साधे की चक्रवाढ, एखाद्या वर्षी कमी पडले तर पुढे साठतात की बुडतात, एवढे दोन प्रश्न विचारा. आणि प्रमोटरचे स्वतःचे किती आहेत तेही विचारा. 4 फी घेऊन 3 गुंतवणाऱ्याने या इमारतीत काहीच घातलेलं नाही, उलट 1 काढून घेतलाय.

ओळंबा

खोडरबर ताईंच्या प्रतिसादाला +1. मी बांधकामातला माणूस, त्यामुळे शीटमधलं कळत नाही, इमारतीतलं सांगतो.

‘निव्वळ भाडं 10’ म्हणताना त्यातून काय काय वजा केलंय? लिफ्ट, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, वातानुकूलनाची यंत्रणा, आगीचे पंप. हे दरवर्षी पैसे मागत नाहीत, एकदम मागतात. म्हणून विकणारा त्यांना खर्चात धरतच नाही. दरवर्षी थोडी रक्कम बाजूला काढलेली दाखवली नसेल तर ते 10 खरे 10 नाहीत.

विक्रीच्या आधीची दोन-एक वर्षं देखभाल बंद ठेवून निव्वळ भाडं फुगवणं फार सोपं आहे. एका इमारतीच्या तपासणीला गेलो होतो. विकणाऱ्याने लिफ्टच्या देखभालीची वही दाखवली, नोंदी अगदी वेळच्या वेळी. पण वर्षभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात, आणि पानांच्या कडा कोऱ्या करकरीत. मशीनरूममध्ये ठेवलेल्या वहीला ग्रीसचे बोटांचे डाग असतात हो. आम्ही वर जाऊन दोर बघितला, तारा सुटायला लागल्या होत्या.

तेव्हा स्वतःचा इंजिनिअर पाठवा. प्रमोटरने दिलेला अहवाल प्रमोटरसाठी असतो.

आणि धागाकर्ते, पुढे कधी बांधकाम व्हायच्या प्रकल्पाचा प्रस्ताव आला तर मुदत आणि खर्च दोन्ही आधी ताणून बघा. बेंट फ्लुबियर्ग या अभ्यासकाने जगभरच्या 16 हजारांहून जास्त प्रकल्पांची माहिती गोळा केली आहे. त्यात वेळेत आणि ठरल्या खर्चात पुरे झालेले 8.5 टक्के. वेळ, खर्च आणि ठरलेला फायदा, तिन्ही जमलेले 0.5 टक्के. आमचा प्रकल्प वेगळा आहे असं बाकीच्या सगळ्यांनाही वाटलंच असणार.

आडवाटेचा

बाप रे. मंडळी, मनापासून आभार. ताई, तुमचे आकडे माझ्या शीटमध्ये टाकले, अगदी तेच आले. विक्रीच्या वेळचे 5 टक्के धरलेला खाना शोधायलाच वेळ लागला. तो वेगळ्या, लपवलेल्या पानावर होता.

अजून दोन गोष्टी. एक, भाडेकरूंची यादी आलीये. सगळे गाळे भरलेले आहेत. त्यात काय बघू? दोन, प्रमोटर म्हणतो आधीच्या प्रकल्पांचा सरासरी आयआरआर 22 टक्के. हे तर चांगलंच ना?

खोडरबर

लपवलेलं पान! वाचून जुने दिवस आठवले.

यादीत नावांपेक्षा तारखा वाचा. कोणाचा करार कधी संपतो, त्यातलं बांधील किती आणि कोणत्या महिन्यापासून तो नोटीस देऊन उठू शकतो. सगळ्यात मोठा भाडेकरू चौथ्या वर्षी उठू शकत असेल तर पाचव्या वर्षीचा गिऱ्हाईक 6 टक्क्यांवरही थांबणार नाही, तो अर्ध्या रिकाम्या इमारतीचा भाव करेल. घरून काम सुरू झाल्यापासून ऑफिसच्या बाबतीत ही भीती कागदावरची राहिलेली नाही. 4 टक्के भाडेवाढही याच करारांत शोधा. करारात 3 लिहिले असतील तर शीटमधले 4 कोणाच्या इच्छेने आले?

मग सवलती. बारा महिन्यांत एक महिना फुकट दिलेला असेल तर यादीतलं भाडं तेवढंच दिसतं, खरं मात्र 8.3 टक्क्यांनी कमी असतं. काही वेळा विकणारा भाडेकरूला बाजूला घेऊन सांगतो, कागदावर वाढीव भाडं लिहू, फरक मी तुला वेगळा देईन. हे पकडायचे मार्ग दोनच. एक, बँकेचं खातं: यादीतलं भाडं आणि जमा झालेली रक्कम महिन्यामागून महिना लावून बघायची. दुसरा, भाडेकरूने थेट तुमच्या वकिलाला दिलेलं सहीचं पत्र, की माझं भाडं इतकं, अनामत इतकी, करार या तारखेपर्यंत, मालकाकडून कसलंही वेगळं आश्वासन नाही. अमेरिकेत या पत्राला एस्टॉपेल सर्टिफिकेट म्हणतात, आणि बँका ते घेतल्याशिवाय फाइल पुढे सरकवत नाहीत. कुठेही मागता येतं. द्यायला टाळाटाळ झाली की समजायचं.

आता 22 टक्के. कोणत्या प्रकल्पांचे? विकून झालेल्यांचे असणार. जे चांगले होते ते लवकर विकले, जे रडताहेत ते अजून हातात आहेत आणि सरासरीत नाहीत. सगळ्यांची यादी मागा, न विकलेल्यांसकट, आणि प्रत्येकासमोर सुरुवातीला काय सांगितलं होतं आणि काय झालं असे दोन रकाने.

शिवाय आयआरआर एकटा वाचूच नये. 100 चे वर्षभरात 130 झाले तर आयआरआर 30 टक्के. 100 चे पाच वर्षांत 200 झाले तर 14.9. कागदावर पहिला दुप्पट भारी, खिशात दुसऱ्याचे 100 आणि पहिल्याचे 30. पहिल्याचे पैसे परत आल्यावर ते कुठे गुंतवायचे हा प्रश्न तुमचा, प्रमोटरचा नव्हे. दोन-चार झटपट सौदे करून सरासरी 22 वर नेणं अवघड नसतं. प्रत्येक प्रकल्पाचे पट आणि वर्षं विचारा.

निर्देशांकी

ताई, मान्य. पण दुसऱ्या प्रस्तावाबद्दल कोणीच बोलत नाहीये. दरमहा 1 टक्का, एकही महिना न चुकता. मला तर शेअर बाजारापेक्षा याचीच जास्त भीती वाटते.

खोडरबर

मलाही, आणि कारण त्या न चुकण्यातच आहे.

छोट्या धंद्यांना दिलेली कर्जं थकतात. एखाद्याचा माल अडकतो, एखाद्याचा मोठा गिऱ्हाईक बुडतो, एखादा आजारी पडतो. कर्ज देणाऱ्याच्या वहीत थकबाकी दिसायलाच हवी. एकही थकबाकी नसलेलं कर्जखातं मला दाखवलं तर मी आधी विचारीन की जुनं कर्ज फेडायला नवं दिलंय का. पार्टीला 100 चं कर्ज असतं, ती व्याज भरू शकत नाही, मग तिला 112 चं नवं कर्ज मंजूर होतं आणि त्यातून जुनं फिटतं. कागदावर सगळं वेळेवर. प्रत्यक्षात एक पैसा आलेला नाही, उलट देणं वाढलंय. म्हणून विचारा: गेल्या वर्षात किती कर्जांची मुदत वाढवली, किती नव्याने बांधून दिली, आणि व्याज रोख किती आलं व नुसतं खात्यात चढवलं किती.

ही झाली प्रामाणिक पण ढिल्या फंडाची गोष्ट. बेइमानीची गोष्ट जुनी आहे. 1920 मध्ये बॉस्टनला चार्ल्स पाँझीने 45 दिवसांत 50 टक्के देऊ केले, टपालाच्या कूपनांवर देशोदेशीच्या दरांतल्या फरकाने नफा होतो असं सांगून. पैसे द्यायचाही, नव्यांचे जुन्यांना. पण तो हावरट आकडा होता, कोणालाही संशय यावा असा. 2008 च्या डिसेंबरात पकडला गेलेला बर्नी मेडॉफ जास्त शहाणा. त्याने महिन्याला 1 टक्क्याच्या आसपास, बाजार पडो की चढो, शांतपणे वर्षानुवर्षं दाखवले. तुमच्या प्रस्तावातला आकडा ओळखीचा वाटतोय ना? म्हणून हे लोक लबाड आहेत असं मी म्हणत नाही. पण मेडॉफच्या बाबतीत तीन साध्या गोष्टी बघितल्या असत्या तरी पुरलं असतं. पैसे आणि रोखे कोणाच्या ताब्यात? त्याच्याच. सौदे कोण करतं? तोच. हिशेब कोण तपासतं? एवढ्या अवाढव्य कारभाराला एक चिमुकली ऑडिट फर्म. हॅरी मार्कोपोलोस नावाच्या विश्लेषकाने अमेरिकेच्या नियामकाला पुन्हापुन्हा लिहून कळवलं होतं की हे गणित शक्य नाही. कोणी ऐकलं नाही.

तेव्हा फंडाला विचारा, पैसा त्रयस्थ बँकेच्या ताब्यात आहे का, ऑडिटर कोण, आणि कर्जांचं मोल कोण ठरवतं. ऑडिटरचा नंबर फंडाकडून घेऊ नका, स्वतः शोधा, फोन करा, विचारा की या फंडाचं ऑडिट तुम्हीच करता का. याला फार वेळ लागत नाही, आणि आश्चर्य वाटेल इतके कमी लोक हे करतात.

राहिला 30 दिवसांत पैसे परतचा मुद्दा. कर्जं दोन-तीन वर्षांची आणि परतीचं वचन महिन्याचं. थोडे लोक मागत असतील तोवर चालतं. सगळे एकदम आले की दार लावावं लागतं, माणूस कितीही सरळ असो. ब्रेक्झिटच्या मतदानानंतर 2016 च्या जुलैत ब्रिटनमधल्या कितीतरी मोठ्या मालमत्ता फंडांनी पैसे काढणं थांबवलं होतं. 2022 च्या शेवटी ब्लॅकस्टोन या अमेरिकी कंपनीच्या बीआरईआयटी या मालमत्ता फंडाने पैसे काढण्यावर महिन्याला 2 आणि तिमाहीला 5 टक्क्यांची मर्यादा लावली, आणि ती नियमावलीत पहिल्यापासून लिहिलेली होती. यांत फसवणूक कुठेच नव्हती. विटा रोज विकता येत नाहीत इतकंच. तुमच्या फंडाच्या कागदात ‘व्यवस्थापनाच्या विवेकानुसार’ असे शब्द सापडतील. 30 दिवस आणि हे शब्द एकाच कागदावर असतील तर 30 दिवस विसरा.

आडवाटेचा

मंडळी, बरेच दिवसांनी येतोय. काही उत्तरं मिळाली, काही नाही.

फंडाकडे ऑडिटरचं नाव मागितलं. ‘गोपनीय आहे, पण गुंतवणूक केल्यावर सांगू’ असं उत्तर आलं. मुदत वाढवून दिलेल्या कर्जांबद्दल विचारल्यावर सहकाऱ्याचा फोन आला की तू फार खोलात जातोयस, माझी पंचाईत होतेय. त्यांना नाही कळवून टाकलं.

इमारतीचा प्रमोटर मात्र सरळ वाटला. कर्ज नुसत्या व्याजाचंच आहे, दर तीन वर्षं स्थिर, पुढे बदलता. खरेदी फी 2 टक्के, पूर्ण किमतीवर. मोठ्या भाडेकरूचा करार सात वर्षांचा, पाच वर्षं बांधील, त्यातलं एक वर्ष संपलंय. करारांतली भाडेवाढ 3 टक्के. 4 का धरले विचारल्यावर म्हणाला, नवे करार चढ्या भावाने होतील. भाडेकरूंची पत्रं द्यायला तयार आहे. लिफ्टचं काम निघणार आहे हेही ओळंबा यांचा प्रश्न विचारल्यावर त्याने कबूल केलं.

म्हणजे माणूस बरा, कागद फुगवलेला. अशा वेळी काय करायचं?

खोडरबर

चांगलं काम केलंत. बहुतेक जण इथवर येत नाहीत.

माणूस बरा असला तर त्याच्याशी भावाचं बोलता येतं. भाडेवाढ 3 टक्के घ्या, करारात आहे तेवढी. विकताना गिऱ्हाईक 6 टक्केवाला धरा. मोठ्या भाडेकरूची बांधील मुदत तुमच्या विक्रीच्या आधीच संपतेय, म्हणून याहून कमी मी धरणार नाही. 200 ला घेतली तर आयआरआर 4 टक्के निघतो. कर्जाचं प्रमाण तेच, 65 टक्के, ठेवून किंमत 175 केली तर साडेबारा. दोन्हीत फी आणि लिफ्ट धरलेली नाही, ती तुम्ही घाला.

भाडेवाढ, व्याजदर, विक्रीचा भाव, यातलं काही तुमच्या हातात नाही, प्रमोटरच्याही नाही. खरेदीची किंमत मात्र अजून ठरायचीय, निदान तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटतं. तुम्ही एकटे 200 चे 175 करू शकणार नाही, पण तुमच्यासारखे अजून चार जण हीच शीट घेऊन त्याच्यापुढे बसले तर त्याला विकणाऱ्याकडे जावं लागेल. फी तरी पूर्ण किमतीवरून स्वतःच्या 70 वर आणायला लावा. 4 ऐवजी 1.4, तिथे नाही म्हणायला त्याला जड जाईल.

ओळंबा

लिफ्टचं अंदाजपत्रक विकणाऱ्याच्या माथी मारा, किमतीतून वजा करून. वही नव्हे, दोर बघा.

आडवाटेचा

बाकीच्या सभासदांपैकी तिघांशी बोललो, एकानेही शीटचं ते लपवलेलं पान उघडलेलं नव्हतं. तिघांनाही पाठवलंय. शनिवारी प्रमोटरबरोबर बैठक आहे. 175 पासून सुरुवात करतोय, 180 च्या वर गेला तर मी त्यात नाही.